बारा नंबरचा सिलिंडर

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत मी स्टोअर सांभाळते. रंगात मिसळायचं थिनर आमच्याकडे मोठ्या ड्रममधून येतं आणि पाच-पाच लिटरच्या डब्यांत भरून बाहेर जातं. माणसं जेमतेम चाळीस. वेगळा सेफ्टी ऑफिसर ठेवण्याइतकी कंपनी मोठी नाही, म्हणून आग विझवायच्या सिलिंडरांचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेबांनी एक दिवस रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "मॅडम, महिन्यातून एकदा फिरायचं, बघायचं, टिक करायचं. बास."

बघायचं म्हणजे काय, ते मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमचे सिलिंडरवाले, सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांचं ठाण्यातल्या कोलशेतला, खाडीच्या अंगाला, सिलिंडर भरायचं आणि दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं. कारखान्यांसाठी जमीन गेल्यावर त्यांच्या घरातले सगळे कुठे ना कुठे कंपन्यांत लागले, आणि काका या धंद्यात पडले. सत्तरीचे असतील. दर जानेवारीत टेम्पो घेऊन यायचे, आमचे बावीसच्या बावीस सिलिंडर तपासायचे, प्रत्येकाला नवं पिवळं सील लावायचे आणि गळ्यातल्या कार्डावर सही करायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मला सोबत फिरवलं.

"काटा हिरव्यात हाय म्हणून लगेच पुढं जायचं नाय, ताई," ते म्हणाले. एक सिलिंडर खुंटीवरून काढून त्यांनी उलटा केला आणि बुडावर तळहाताने थापट्या मारल्या. "कान लावा."

मी कान लावला. आत वाळू सरकल्यासारखा आवाज आला.

"पावडर हलते. हलली पायजे. एका जागी टांगून ऱ्हायली का बसते, गठ्ठा होतो. मंग दाब असून उपेग नाय, गॅस जातो आन पावडर ऱ्हाते आत." मग त्यांनी पाईपच्या तोंडात बोट घालून दाखवलं, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते म्हणून. पिन जागेवर आहे का, सील तुटलेलं नाही ना, हँडल वाकलेलं नाही ना. आणि शेवटी, टेम्पोत चढता चढता म्हणाले, "आन येक. कोणी येकदा दाबला, चमचाभर पावडर उडाली, तरी तो शिलिंडर संपला समजायचा. व्हॉल्वच्या तोंडात पावडर अडकते. मंग तो मिटत नाय पुरता. हलू हलू दाब जातो. मना फोन करायचा, मी भरून देन."

हे सगळं मी वहीत लिहून घेतलेलं. तीन-साडेतीन वर्षं मी ते काम नीट केलं. प्रत्येक सिलिंडर हातात घेऊन बघायचे. पदराला पावडर लागायची, बायका हसायच्या. मला त्या कामाचा जरा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सेफ्टी वीक होता. साहेबांना फोटो हवे होते. अंगणात पत्र्याच्या तसराळ्यात चिंध्या आणि थोडं थिनर टाकून आग लावली आणि सगळ्यांना गोल उभं केलं. सरावासाठी वेगळा सिलिंडर मागवायचा राहून गेलेला, म्हणून मी डबे भरण्याच्या शेडमधला, खांबावरचा बारा नंबरचा काढून आणला. सगळ्यांसमोर पिन ओढली. "वाऱ्याकडे पाठ करायची. ज्वाळेवर नाही, बुडाशी नेम धरायचा," असं म्हणत हँडल दाबलं. दोन सेकंद, फार तर तीन. ढग उठला, आग विझली, टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत मामा उभे होते. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, ड्रममधून डबे भरण्याचं काम त्यांच्याकडे. ते म्हणाले, "मॅडम, मला वाटायचं केवढं अवघड असेल. हे तर माझ्या नातवालाही येईल."

मी काटा पाहिला. अजून हिरव्यातच होता. मनात आलं, काकांना उद्या फोन करू. तोवर पिन पुन्हा घातली आणि सील तुटलं होतं म्हणून पॅकिंगचा लाल दोरा घेऊन ती बांधली. सिलिंडर खांबावर नेऊन लावला.

दुसऱ्या दिवशी स्टोअर नव्या शेडमध्ये हलवायला सुरुवात झाली. रॅक उचला, माल उतरवा, पुन्हा लावा. महिनाभर तेच. फोन करायचं राहिलं. मार्चअखेरीची सिलिंडरांची फेरीही राहिली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी खुर्चीत बसून बावीस टिका केल्या. एप्रिलमध्येही तसंच. आदल्या महिन्यात काही बिघडलं नव्हतं, तर या महिन्यात काय बिघडणार, असं वाटलं. खरं तर एवढाही विचार केला नव्हता. एका हाताने चहा पीत होते आणि दुसऱ्या हाताने टिका मारत होते.

मे महिन्यात, जेवणाची सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल, भरण्याच्या शेडमधून ओरडा ऐकू आला. मी स्टोअरमधून धावले.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मामा डबा भरत होते. थिनर ओतताना तयार होणारी वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची क्लिप त्यांनी लावली होती, पण तिची वायर आतून तुटलेली होती आणि ते बाहेरून दिसत नव्हतं. ठिणगी पडली आणि डब्याच्या तोंडाशी भडका उडाला. मामा घाबरले नाहीत. चार पावलांवर खांब होता. बारा नंबर काढला, पिन ओढली, बुडाशी नेम धरला आणि दाबलं. फुस्स झालं. पाईपच्या तोंडातून चिमूटभर पावडर खाली सांडली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. पेटलेल्या डब्याला लागून झाकणं न लावलेले भरलेले डबे रांगेत होते. ते पेटले असते तर सगळी शेड गेली असती, आणि शेडमागे मोठे ड्रम. मामांनी सिलिंडर टाकला आणि ते डबे हातांनी मागे ढकलले. थिनर उसळून त्यांच्या हातांवर आलं आणि हात पेटले. तेवढ्यात दुसऱ्या ऑपरेटरने इलेक्ट्रिक पॅनलजवळचा सिलिंडर आणून आग विझवली. सगळं मिळून मिनिटभराचा खेळ.

मी पोचले तेव्हा शेडभर पावडरचा धूर होता. मामा मधोमध उभे होते, दोन्ही हात पुढे धरून, जणू कुणी त्यांच्या हातावर काही ठेवणार आहे. केसांवर, मिशांवर पावडर. ते ओरडत नव्हते. आणि त्यांच्या पायाशी बारा नंबर आडवा पडला होता. मला आधी मामांचे हात दिसायला हवे होते. मला आधी काटा दिसला. तो लाल भागात, पार तळाला टेकलेला होता.

मी मामांना नळाखाली नेलं. गाडी येईपर्यंत त्यांचे हात वाहत्या पाण्यात धरून उभी राहिले. उजव्या तळव्याची कातडी सैल झालेली. ते एकच विचारत होते, "डबे नाय ना पेटले? डबे नाय ना पेटले?"

चार दिवसांनी साहेबांनी काकांना बोलावलं. केबिनमध्ये टेबलावर बारा नंबर ठेवलेला, शेजारी माझं रजिस्टर उघडं. रजिस्टरमध्ये सगळं ठीक होतं. मार्च ठीक, एप्रिल ठीक. कार्डावर काकांची जानेवारीची सही.

"तुमची सर्व्हिस, तुमची सही. मग हा रिकामा कसा?" साहेबांनी विचारलं.

 काकांनी सोबत आणलेल्या पान्याने व्हॉल्व उघडला. आत बघितलं, बोट फिरवलं, बोटावरची पावडर साहेबांना दाखवली. "रिकामा नाय सायब. पावडर भरलेली हाय. दाब गेलाय. हा कोनीतरी दाबलाय."

"कोण दाबेल? रेकॉर्डला कुठे आहे?"

पिनेत अजून लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. काकांनी तो दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "आन ह्या सील माजा नाय. माजा पिवला असतो."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, घाईनेही नाही. वाट बघत होते. तिकडे स्टोअरच्या शेल्फवर त्याच लाल दोऱ्याची रिळं होती. मार्चमधला फोटो साहेबांच्या केबिनबाहेरच्या बोर्डावर लावलेला होता आणि त्यात हातात सिलिंडर धरून मीच उभी होते. साहेब तो रोज बघत होते, पण फोटोतला सिलिंडर आणि हा सिलिंडर एकच आहे हे त्यांना सुचणारच नव्हतं. मला बोलायचं होतं. पण मी टेबलावरचा साहेबांचाच ग्लास उचलून पाणी प्यायले. 

काकांचं काम बंद झालं. साहेबांनी ठाण्यातल्या दुसऱ्या एका माणसाला बोलावलं. शेजारच्या दोन कंपन्यांनाही ही बातमी गेली, तिथूनही काकांचा टेम्पो बंद झाला. एरवी आमच्या रस्त्याने जाणारा तो टेम्पो मला महिनाभर दिसला नाही आणि मला त्या न दिसण्याने सुटल्यासारखं वाटायचं. घरी, कोपरीला, मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पेटवताना हात मागे यायचा. नवरा म्हणाला, "तू आग बघितलीस ना, म्हणून." मी हो म्हटलं.

जूनमध्ये मामा हॉस्पिटलमधून घरी आले. कंपनीतून चौघीजणींनी भेटायला जायचं ठरलं होतं, ऐन वेळी मी एकटीच गेले. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मामा पलंगावर बसले होते, दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज. मामी त्यांना पोहे भरवत होत्या. मला बघून मामा लाजले. म्हणाले, "असू दे, नंतर खातो." मामींनी बशी बाजूला ठेवली नाही. "नंतर कुठे मी रिकामी आहे? तोंड उघडा."

मी चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. मग मामाच म्हणाले, "मॅडम, एक विचारू? हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी तेच आठवत होतो. तुम्ही दाखवलेलं, तसंच केलं ना मी? पिन ओढली. दाबलं. माझं काय चुकलं असेल? पिन अर्धवट निघाली असेल का? का हँडल मी उलटं धरलं? माणूस घाबरला की हातपाय चालत नाहीत, तसं झालं असेल. एवढं सोपं होतं, आणि मला जमलं नाही."

मामी म्हणाल्या, "रोज हेच. रात्री झोपेत पण बोटं हलवतात."

आता गप्प राहणं मला शक्य नव्हतं. मी कप खाली ठेवला. "मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं. तो सिलिंडर चालणारच नव्हता. मार्चमध्ये सगळ्यांना दाखवायला मी तोच दाबलेला. दाबल्यावर तो भरून आणायला लागतो. काकांनी मला सांगितलं होतं. मी आणला नाही. दोरा बांधून तसाच लावला. आणि दोन महिने न बघता टिका केल्या."

 आधी मामांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते सुटकेसारखं काहीतरी होतं. "म्हणजे माझं बरोबर होतं," ते म्हणाले.

"बरोबर होतं, मामा."

"पिन पण नीट निघालेली?"

"हो."

ते मागे टेकले. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आपल्या बँडेजकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मामी उठल्या. माझा अर्धा भरलेला कप उचलला, मोरीत ओतला आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही आता या," म्हणाल्या. त्या 'या'चा अर्थ मला कळला. जिना उतरताना माझी एक चप्पल निघाली, ती हातात घेऊनच मी खाली आले.

दोन दिवसांनी रविवार होता. मी कोलशेतला गेले. काका वर्कशॉपच्या दारात प्लास्टिकच्या ताडपत्रीवर जुनी पावडर चाळत बसले होते. नाकाला रुमाल बांधलेला. मला बघून त्यांनी रुमाल खाली केला, पण उठले नाहीत.

"काका, तो सिलिंडर मी दाबलेला."

"मना ठाव व्हता."

"कधीपासून?"

"दोरा बघितला तवाच. तुमच्या पॅकिंगचा दोरा मी काय पयल्यांदा बघतो?"

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी चाळणी खाली ठेवली. "मी सांगितला ना. सील माजा नाय बोललो. कोनीतरी दाबलाय बोललो. त्याच्या पुढचा बोलायचा तुमाला व्हता. मी नाव घेतला असता तं सायब बोलला असता, म्हातारा आपली कातडी वाचवतो. मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो, ताई. तुमी पानी प्यालात."

मी रडायला लागले. काकांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. एक स्टूल पुढे सरकवलं तेवढंच. थोड्या वेळाने म्हणाले, "मानूस कसा हाय?"

"उजव्या हाताची बोटं वळत नाहीत."

काकांनी हातांवरची पावडर झटकली. मग म्हणाले, "मना तुमची माफी नको. लिवून द्या. सायबाच्या सहीचा कागद पायजे, का शिलिंडर काकानं बरोबर भरला व्हता. पोरगा माजा ह्याच धंद्यात हाय. त्याला लोक इचारतात."

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. बोर्डावरचा फोटो काढून त्यांच्यासमोर ठेवला. नंबर त्यात स्पष्ट दिसत होता. साहेबांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, आता कशाला? ते मिटलंय. तपासणीवाले येऊन गेले. तुम्ही आता हे कागदावर आणलंत तर कंपनी अडचणीत, आणि तुम्ही तर आधी."

"काकांना पत्र द्यायला लागेल, सर."

"फोनवर बोलतो मी त्यांच्याशी."

"लिहून द्यायला लागेल."

तीन दिवस आमचं हेच चाललं. मी शेवटी माझ्याच हाताने, माझ्या नावाने, काय झालं ते एका पानावर लिहिलं आणि सांगितलं की तुम्ही सही केली नाहीत तर मी हाच कागद घेऊन शेजारच्या कंपन्यांत जाईन. कुठून बळ आलं माहीत नाही. सहीचं पत्र मिळालं. त्याच लिफाफ्याबरोबर मला मेमो मिळाला, आणि सिलिंडरांचं रजिस्टर माझ्याकडून काढून घेऊन डिस्पॅचच्या क्लार्ककडे गेलं. पत्र मी स्वतः कोलशेतला नेऊन दिलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. शेजारची एक कंपनी त्यांना परत मिळाली. आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमच्या शेडमधी मना परत जावसा नाय वाटत."

पहिल्याच महिन्यात मी पाहिलं, की क्लार्क खुर्चीत बसून टिका करतोय. मी त्याला सांगितलं, तो हसला. "मॅडम, तुम्ही मला शिकवणार?"  आता दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःच फिरते. बावीस सिलिंडर उतरवते, उलटे करते, थापटते, कान लावते. कुणी सांगितलेलं नाही, कुठे नोंद होत नाही. एकदा पाच नंबरमध्ये पावडर हललीच नाही, तेव्हा क्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि तो भरायला जाईपर्यंत तिथून उठले नाही.

मामा दिवाळीनंतर कामावर आले. भरण्याचं काम त्यांना आता जमत नाही, गेटवर गाड्यांची नोंद करतात. डाव्या हाताने लिहायला शिकले, अक्षर पोरासारखं मोठं येतं. सकाळी मी आत शिरताना "आलात?" म्हणतात, पूर्वीसारखंच. त्यापुढे बोलत नाहीत. या मार्चमध्ये पुन्हा प्रात्यक्षिक झालं. या वेळी सरावाचा वेगळा सिलिंडर मागवला होता. नवीन सर्व्हिसवाल्याने विचारलं, कोण करून बघणार? मामा पुढे झाले. उजव्या हाताने हँडल दाबेना. त्यांनी सिलिंडर जमिनीवर ठेवला, वाकून दोन्ही तळहातांचा भार त्यावर टाकला आणि पाईप धरायला कुणाला तरी बोलावलं. मी दोनच पावलांवर होते. त्यांनी पलीकडच्या पॅकिंगमधल्या मुलीला हाक मारली. आग विझली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामांनी हात पँटला पुसले आणि गेटवर निघून गेले.

या वर्षी गणपतीला त्यांनी गेटवर सगळ्यांना आमंत्रण दिलं. मलाही दिलं. जाऊ की नको असं करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले. दार मामींनी उघडलं. बाजूला सरकल्या, मी आत गेले, नमस्कार केला. त्यांनी वाटीत प्रसाद आणून माझ्या हातात दिला. मामा बोलत होते, नातू आरती म्हणून दाखवत होता. मामी शेवटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी वाटी मोरीत धुवून पालथी ठेवली आणि निघाले.